एकच हँडल, चार दारं

मित्रांनो, मी एक हँडल आहे एवढं मला पक्कं ठाऊक आहे. पण कोणत्या दाराचं, असं विचारलंत तर माझी पंचाईत होते.

जुन्या चारचाकी गाडीच्या दाराला आतल्या बाजूनं एक लहानसा काळा दांडा असतो. तो गोल फिरवला की काच खाली जाते, उलटा फिरवला की वर येते. तो दांडा म्हणजे मी. माझ्या एका टोकाला बोटांत धरायची गोल मूठ आहे आणि दुसऱ्या टोकाला दाते पाडलेलं भोक. दारातून एक दातेरी खुंटी बाहेर आलेली असते, तिच्यावर माझं भोक बसतं. माझे दाते तिच्या दात्यांत अडकतात, म्हणून मी फिरलो की ती फिरते. हल्लीच्या गाड्यांत माझ्या जागी बटण असतं, त्यामुळं तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलंही नसेल.

वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात ओतून मला घडवलं गेलं. आम्ही सगळे इतके सारखे होतो, की माझं मलाच मी ओळखू आलो नसतो. मला बहुधा मागच्या डाव्या दाराला लावलं होतं. बहुधा म्हणतो, कारण पुढं जे झालं त्यात ही आठवणही गढूळ झाली आहे.

गाडी महाळुंगे पडवळच्या भागुजींनी घेतली, तेव्हाच ती जुनी होती. भागुजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घरात त्यांची पत्नी द्रौपदाबाई आणि नात श्रेया. श्रेयाचे वडील, म्हणजे भागुजींचा मुलगा रत्नदीप, पुण्याला नोकरीला. तो सुट्टीला यायचा. भागुजींनी गाडी धुऊन पुसून काढली, पुढं बुद्धाची छोटी मूर्ती बसवली आणि पहिल्याच दिवशी चारी काचा खालीवर करून पाहिल्या. तेव्हा आम्ही चौघं होतो आणि चौघंही नीट फिरत होतो.

त्या काळात मला माझं काम समजलं आहे असं वाटायचं. माणसाला उकडलं की काच खाली, धूळ आली की काच वर. काच वाऱ्यासाठी असते, अशी माझी समजूत होती.

मग माझी भावंडं एकेक करून गेली. एकावर श्रेया पाय देऊन उभी राहिली. एक कांद्याची गोणी घासून तुटलं. तिसरं गाडी धुताना कुठंतरी पडलं, ते सापडलंच नाही. उरलो मी एकटा. मला खुंटीवर धरून ठेवणारी क्लिपही हरवली होती, त्यामुळं मला नुसतं दाबलं की मी बसायचो आणि ओढलं की निघायचो. भागुजींना ही मोठी सोय वाटली. ज्याला काच उघडायची असेल त्यानं हँडल मागायचं, आपल्या दाराला लावायचं, काम झालं की परत द्यायचं!

"चार हँडलं आणा म्हणून कवाची सांगतीय," द्रौपदाबाई म्हणायच्या.

"अगं, एका वेळी माणूस काचा किती उघडतो? एक. मग हँडलं किती लागत्यात?"

"आन् मला गरम झालं, तवाच तुमाला गरम झालं तर?"

"तर आधी तुझी उघडू. मी काय म्हातारा झालोय व्हय घाम यायला!"

शेजारचे सोमाजी गाडीत बसले की मुद्दाम हात जोडून म्हणायचे, "भागुजी, थोडी हवा मिळंल का राव?" सगळे हसायचे. मी खूश व्हायचो. चारी दारांना मीच लागतो, याचा मला अभिमान वाटायचा.

पण गोंधळ तिथूनच सुरू झाला. मित्रांनो, गाडीची डावी आणि उजवी दारं एकमेकांची आरशातली रूपं असतात. उजव्या दारावर ज्या दिशेनं फिरवलं की काच खाली जाते, डाव्या दारावर त्याच दिशेनं फिरवलं की ती वर जाते. रोज इकडून तिकडं जाता जाता मला दिशाच कळेनाशा झाल्या. माणसंही आधी चुकीच्या बाजूला फिरवायची, जोर लावायची आणि मग "अरे, उलटं!" म्हणायची. त्या प्रत्येक चुकीच्या जोरात माझे दाते थोडे थोडे झिजत होते. ते कुणी पाहत नव्हतं. मीसुद्धा नाही.

आता आमच्या भागातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्नर-आंबेगावात उसाचं रान दाट आहे आणि उसात बिबटे राहतात. दिवस मावळला की लोक लेकरांना अंगणातून आत घेतात, गुरांचा गोठा बंद करतात. भागुजींनी तोच नियम गाडीला लावला. उन्हं उतरली की चारी काचा गच्च वर. मागची दारं आतून उघडू नयेत म्हणून त्यांचं मुलांसाठीचं कुलूप लावलेलं. आणि श्रेयानं गुपचूप काच उघडू नये म्हणून मी थेट भागुजींच्या पँटच्या खिशात! एकदा वाटेत गाडी थांबवून ते पाहुण्यांना म्हणाले होते, "आता बिबट्या टपावर येऊन बसला तरी आत यायचा न्हाई." पाहुण्यांनी मान डोलावली होती. बिबट्याला आत येता येणार नाही, एवढाच विचार सगळ्यांनी केला. बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न गाडीत कुणाच्याच डोक्यात आला नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते. द्रौपदाबाईंची बहीण बोरी बुद्रुकला असते. तिघं तिला भेटून परत निघाले होते. खोडदजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड अँटेना मागं पडल्या आणि भागुजींनी गाडी कालव्याच्या भरावावरच्या रस्त्याला घेतली. तो रस्ता जवळचा. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला कालवा. शेतीसाठी पाणी सोडलेलं होतं आणि कालवा काठोकाठ वाहत होता. सूर्य नुकताच टेकला होता. नियमाप्रमाणे काचा वर गेल्या आणि मी खिशात गेलो.

पुढचं बरंचसं मी फक्त ऐकलं.

"आबा, ते बघा!" श्रेया मागून ओरडली.

"बिबट्या!" भागुजी ओरडले आणि त्यांनी स्टिअरिंग फिरवलं.

गाडी उडाली, आपटली आणि मग एकदम शांत झाली. ती शांतता मला कळेना. चाकांचा आवाज नाही, खड्डे नाहीत. आम्ही हळूहळू डुलत होतो. मला वाटलं, गाडी थांबली असेल. पण थांबलेली गाडी डुलते कशी?

"अहो, पाणी!" द्रौपदाबाई म्हणाल्या. "आपण कालव्यात हाय!"

मित्रांनो, पाण्यात पडलेली गाडी लगेच बुडत नाही. आत हवा असते, त्यामुळं ती थोडा वेळ तरंगते. इंजिन जड, म्हणून तोंड आधी खाली जातं. तरंगण्याचा तो थोडासा वेळ हीच माणसाची सगळी संधी. हे मला आता कळतं. तेव्हा आमच्या गाडीत तो वेळ कसा गेला ते ऐका.

भागुजींनी आधी दार ढकललं. ते हललं नाही. त्यांनी खांदा लावला. दाराला बाहेरून पाणी रेटत होतं. गावातले दहा जण पाठ लावून उभे राहावेत तसं. द्रौपदाबाईंनी आपलं दार ढकललं, तेही तसंच. श्रेया मागचं दार ढकलत होती, पण त्याला तर कुलूपच होतं.

"काच उघडा, काच!" द्रौपदाबाई म्हणाल्या.

"काच न्हाई! भायेर बिबट्या हाय!"

"अहो, पाण्यात कुठला बिबट्या?"

"काठावर असंल ना! लेकराला घिऊन कुठं उतरायचं?"

मित्रांनो, भागुजी वेडे नव्हते. माणूस घाबरला की त्याच्या डोक्यात रोजचा नियम तेवढा उरतो. त्यांच्या डोक्यात एवढंच उरलं होतं, की बाहेर धोका आहे आणि आत आपण सुखरूप आहोत. पायाशी पाणी चढत होतं तरी ते हाच नियम पाळत होते. आणि मी त्यांच्या खिशात, त्यांच्या मांडीलगत गार होत, विचार करत होतो: गाडीत वारा नाही, धूळ नाही, मग काच हवीय कुणाला?

मग त्यांनी फोन लावला. रत्नदीपला.

"रत्नदीप, आपली गाडी कालव्यात पडलीय रे."

"काय? कुठं? श्रेया कुठंय?"

"मागं बसलीय. गाडी तरंगतीय. तू कुणाला तरी पाठव."

मग रत्नदीप असा ओरडला, की खिशात मलाही तो स्वच्छ ऐकू आला. "बाबा, फोन टाका! कुणी येईपर्यंत गाडी राहणार न्हाई! पट्टे काढा, काच उघडा, आधी श्रेयाला भायेर काढा! दाराच्या नादी लागू नका! फोन टाका म्हणतो ना!"

भागुजींनी फोन टाकला. मग त्यांचा हात खिशाशी आला.

पण खिशावरून सीटचा पट्टा गेलेला होता. त्यांच्या बोटांनी मला पकडलं, ओढलं. माझी मूठ खिशाच्या अस्तरात अडकली. ते आणखी ओढू लागले. पट्टा आणखी आवळला. "निघंना गं! निघंना!" त्यांचा आवाज फाटला होता. इतकी वर्षं ते सगळ्यांना हवा वाटत होते, आणि आता त्यांना स्वतःच्या खिशातून हँडल काढता येत नव्हतं.

द्रौपदाबाईंनी आधी स्वतःचा पट्टा सोडला, मग वाकून त्यांच्या पट्ट्याचं लाल बटण दाबलं. पट्टा सुटला, मी बाहेर आलो.

तोवर गाडी उजवीकडं कलली होती. भागुजींच्या बाजूची काच अर्धी पाण्यात गेली होती. द्रौपदाबाईंच्या बाजूची काच अजून वर होती; पाणी तिच्या खालच्या कडेला नुकतं टेकत होतं. द्रौपदाबाईंनी मला हिसकावून घेतलं आणि आपल्या दाराच्या खुंटीवर दाबलं. त्यांनी मला आजवर कधी हातात धरलं नव्हतं; त्यांची काचही भागुजीच उघडून द्यायचे. हँडल हे भागुजींचं खातं होतं.

त्यांनी फिरवलं. मी हललो नाही.

"उलटं!" भागुजी ओरडले.

"कुणाच्या उलटं?"

"माझ्या उलटं! म्हंजे मी जसं करतो तसं!"

"तुमी करता तसं का त्याच्या उलटं?"

"अगं... तुझ्याकडनं उलटं!"

मला तर काहीच कळेना. डावं म्हणजे कुठलं, उजवं म्हणजे कुठलं, वर काय आणि खाली काय! आधीच्या चुकीच्या जोरात माझे दोन दाते गेले होते. मग नवऱ्याकडं न बघता द्रौपदाबाईंनी डावा तळवा काचेवर दाबला, काच खाली रेटत धरली आणि मला दुसऱ्या बाजूला फिरवलं. काच हलली. चार बोटं खाली आली. त्या फटीतून पाणी आत कोसळलं आणि श्रेया किंचाळली.

"बंद कर, पाणी येतंय!" भागुजी म्हणाले.

"येऊ द्या!"

मी आणखी फिरलो आणि मग नुसताच फिरू लागलो. माझे दाते खुंटीवरून घसरत होते. काच अर्ध्यावर अडकली. अर्ध्या फटीतून तिघं कशी निघणार? मला एवढंच समजत होतं, की मी फिरतोय आणि काहीच होत नाही. द्रौपदाबाईंनी मला उपसलं, जरासं वळवलं आणि पुन्हा दाबलं. न झिजलेले थोडे दाते त्या बाजूला शिल्लक होते. ते धरले. काच सरकन खाली गेली.

"श्रेया, पुढं ये! सीटवरनं ये! डोकं आधी भायेर काढ, टप धर!"

श्रेया दोन सीटच्या मधून आली. आजीनं तिला मागून रेटलं आणि ती बाहेर गेली. मग द्रौपदाबाई निघाल्या. मी त्यांच्या मुठीतच होतो. भागुजी शेवटी आले. त्यांचं पोट चौकटीत अडकलं, त्यांनी श्वास सोडला आणि बाहेर घसरले. तेवढ्यात गाडीचं तोंड खाली गेलं आणि टपही हातातून सुटला.

कालव्याचे काठ सिमेंटचे, उतरते आणि शेवाळलेले असतात. पोहणाऱ्यालाही तिथं चढता येत नाही. पण पाणी त्यांना नेत होतं तिकडंच थोड्या अंतरावर हौशीराम नावाचे शेतकरी मोटार चालू करायला आले होते. त्यांच्या पंपाचा जाड पाईप काठावरून पाण्यात सोडलेला होता.

"पाईप धरा! पावणं, पाईप!" ते ओरडत होते.

भागुजींनी पाईप धरला. द्रौपदाबाईंनीही एका हातानं धरला. दुसरी मूठ त्यांनी उंच धरली होती.

"द्रौपदा, दोन्ही हातांनी धर!"

"कशी धरू? श्रेया हाय माझ्या हातात!"

भागुजींनी त्या मुठीकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मित्रांनो, मुठीत श्रेया नव्हती. मी होतो. द्रौपदाबाईंनी मला इतकं आवळलं होतं, की माझी कड त्यांच्या तळव्यात रुतली होती. आणि त्यांना खरंच वाटत होतं, की तो नातीचा हात आहे. मला ओरडून सांगायचं होतं: आजी, मी ती नाही! पण हँडल ओरडत नाही.

भागुजी पाण्याकडं बघत राहिले. पाणी वाहत होतं. त्यावर कुणीच दिसत नव्हतं.

"आजी!" वरून आवाज आला. "मी हितंय!"

श्रेया हौशीरामांच्या मागं भरावावर बसली होती. पाण्यानं तिला आधीच पाईपावर आणून टाकलं होतं आणि त्यांनी तिला पहिली वर ओढली होती. द्रौपदाबाईंनी वर पाहिलं, मग मुठीकडं पाहिलं. तरीही त्यांनी मूठ उघडली नाही. हौशीरामांनी दोघांना वर ओढलं तेव्हा कुठं ती सुटली.

भरावावर बसताच भागुजींनी पहिला प्रश्न विचारला, "बिबट्या गेला का?"

"कुठला बिबट्या? आमचं वासरू सुटलं व्हतं ते. मोटार लावता लावता त्येलाच बघत व्हतो मी."

"न्हाई, बिबट्याच व्हता. मी पाह्यला."

"बरं, बिबट्या तर बिबट्या," हौशीराम म्हणाले आणि त्यांनी आपला शर्ट काढून श्रेयाच्या अंगावर टाकला. खरं काय होतं, ते मला आजही माहीत नाही.

कालव्याचं पाणी बंद झाल्यावर ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली. मिस्त्रीनं ती पुन्हा चालू केली आणि चारी दारांना नवी हँडलं लावली. मागच्या दारांचं मुलांसाठीचं कुलूप कधी लावायचं आणि कधी नाही, हे रत्नदीपनं वडिलांना नीट समजावून सांगितलं. माझे दाते आता कुठल्याच खुंटीला धरत नाहीत. मी ओसरीच्या खिडकीत पडून असतो. कुणी कौतुक करत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही.

परवा सुट्टीच्या सकाळी रत्नदीपनं सगळ्यांना दारासमोर उभ्या असलेल्या गाडीत बसवलं. पट्टे लावले, काचा बंद केल्या. "आता समजा, गाडी पाण्यात पडली. कुणी फोन लावायचा न्हाई, कुणी दार ढकलायचं न्हाई. पट्टा, काच, लेकरू, भायेर! चला!" श्रेया खिडकीतून सुळकन बाहेर आली. द्रौपदाबाई पदर खोचून आल्या. भागुजी अर्धे आत, अर्धे बाहेर असे लटकले होते, तेवढ्यात सोमाजी आले.

"काय भागुजी, चांगलं दार असताना खिडकीतनं? चोरी करून पळताय का काय?"

गल्लीतले लोक हसू लागले. भागुजी तसेच लटकत म्हणाले, "हसा. पण तुमच्या जीपची मागली काच शेवटची कवा उघडली व्हती, ते सांगा आधी."

सोमाजींचं हसू थांबलं. त्यांना आठवेना.

मित्रांनो, तुम्हालाही माझी तीच विनंती आहे. आज आपल्या घरच्या गाडीत बसा आणि प्रत्येक काच खाली करून बघा. बटण असेल तर बटण दाबून बघा. पाण्यात पडल्यावर ते थोडाच वेळ चालतं, म्हणून ते लगेच दाबायचं असतं. काच उघडलीच नाही तर बाजूची काच कोपऱ्यात फोडण्यासाठी एक लहान टोकदार हातोडी हाताशी ठेवा. पुढची मोठी काच फुटत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. आणि हातोडी असो की हँडल, ते कुणाच्या खिशात नको, प्रत्येकाला पोचेल अशा जागी असू द्या.

त्या सकाळी गल्लीत एकेका गाडीच्या काचा कुरकुरत खाली जाताना मी ऐकल्या. कुणाची चटकन गेली, कुणाची अडखळत गेली. सोमाजी जीपमध्ये बसून बराच वेळ खटपट करत होते. त्यांची मागची काच काही हलली नाही. मग त्यांनी आपल्या नातवंडांना त्या सीटवरून उतरवलं आणि मिस्त्रीला बोलवायला ते पायीच निघाले.